वर्लिन टॉलेफसनचा नेम

वर्लिन टॉलेफसनने आपल्या अंगणातून भिरकावलेली गोवरी शेजारच्या क्लीट ब्रुगमनच्या कानावर बसली, तेव्हा आर्डिस टॉलेफसन स्वयंपाकघरात काकडीचं लोणचं बरण्यांत भरत होती. आधी फट् असा आवाज आला, मग शिडी आपटल्याचा, मग क्लीट आपटल्याचा आणि सगळ्यात शेवटी तिच्या नवऱ्याचा.

"लागली!" वर्लिन ओरडला.

दुसरा कुणी असता तर "अरे देवा!" तरी म्हणाला असता. पुढे आर्डिसने त्याला किमान शंभर वेळा विचारलं, की बाबा रे, तू 'लागली' का म्हणालास? त्यावर त्याचं एकच उत्तर, "लागलीच होती ना!"

आर्डिस हात पुसत बाहेर धावली. क्लीट त्याच्याच फुलझाडांत उताणा पडला होता. पन्हळीतली पानं काढायला म्हणून तो शिडीवर चढला होता. त्याचा एक बूट अजून शिडीच्या पायरीत अडकलेला होता आणि केसांत गोवरीचा भुगा.

"क्लीट, फार लागलं का रे?"

"छे छे, मजेत आहे," क्लीट म्हणाला. "खांदा तेवढा जरा भलतीकडे गेलाय. तुझं लोणचं चालू होतं ना? जा तू, आटप ते आधी."

आमच्या हेरॉन मिल्समध्ये माणसं अशीच आहेत. विस्कॉन्सिनातलं लहानसं गाव, दोन चर्च, एक चीजचा कारखाना आणि एक साप्ताहिक. साप्ताहिक माझं. इथे कुणी तक्रार करत नाही आणि कुणी कुणाला तोंडावर वाईट म्हणत नाही. आम्हाला या गुणाचा फार अभिमान आहे, आणि या सगळ्या घोटाळ्याचं मूळही तोच गुण आहे.

दर सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे गोवरीफेक असते. गोवरी म्हणजे थापलेली नव्हे, कुरणात पडून कडक वाळलेली रानगोवरी. हातमोजे चालत नाहीत. प्रत्येकाला दोन गोवऱ्या मिळतात. चुन्याच्या दोन रेघांच्या मधून जो लांब फेकेल तो जिंकला, रेघेबाहेर गेली की बाद. पकड यावी म्हणून बोटं जिभेला लावायला परवानगी आहे. पहिल्या फेकीआधी सगळेच लावतात, दुसरीच्या आधी लावतात ते खरे खेळाडू.

क्लीट ब्रुगमन नऊ वेळा जिंकलेला. दोनशे अकरा फुटांचा विक्रम त्याच्या नावावर, आणि त्या विक्रमाचा फळा त्याने गॅरेजच्या दारावर ठोकलेला, म्हणजे वर्लिनला सकाळी कॉफी पिताना खिडकीतून नीट दिसावा. वर्लिन बावीस वर्षं फेकतोय. बावीस वर्षांत त्याची एकही गोवरी दोन रेघांच्या मध्ये पडलेली नाही. कितीदा तरी ती चर्चच्या बायकांनी विकायला मांडलेल्या ॲपल-पायच्या टेबलावर पडली, एकदा बँडवाल्याच्या तुतारीत गेली, एकदा नगराध्यक्ष भाषणाला उभे होते तिथे. ध्वनिक्षेपकावरून "आता वर्लिन टॉलेफसन" अशी घोषणा झाली की आयाबाया पोरांना टेबलाखाली घ्यायच्या.

पण हे वर्लिनला कुणी कधी सांगितलंच नाही. प्रत्येक फेकीनंतर आम्ही त्याच्याजवळ जायचो, खांद्यावर हात ठेवायचो आणि म्हणायचो, "वाईट नव्हती हं, वर्लिन." बावीस वर्षं ऐकून ऐकून त्याला ते खरं वाटायला लागलं. आपला नेम पक्का आहे, फक्त वारा आडवा येतो, अशी त्याची ठाम समजूत झाली.

क्लीट पडला त्या दिवशी सरावाला त्याचा नेम होता त्याच्याच अंगणाच्या टोकाला ठेवलेल्या दुधाच्या जुन्या कॅनवर. क्लीटची शिडी त्या कॅनपासून चांगली चाळीस पावलं डावीकडे होती.

क्लीटच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. फेकायचाच हात. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून धातूची पट्टी घालावी लागेल, स्क्रू लागतील, वर्षभर फेकायचं नाव काढू नका. क्लीटच्या आजारपणाच्या विमावाल्यांनी कळवलं, ज्याने पाडलं त्याच्याकडे जा. तरी क्लीट चिडला नाही.

"अरे, तुझ्या घराचा विमा आहे ना?" तो कुंपणापाशी येऊन वर्लिनला म्हणाला. "आपल्या हातून शेजाऱ्याला अपघात झाला तर भरपाई देतात ते. फोन कर, चूक झाली म्हणून सांग. संपलं."

खरंच तिथे संपलं असतं. पण मध्ये शुक्रवार आला.

शुक्रवारी सगळं गाव हार्लनच्या बारमध्ये तळलेले मासे खायला जमतं. वर्लिन आत शिरला तशी माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एरवी गावाचं लक्ष क्लीटच्या टेबलाकडे असायचं, वर्लिन आपला कोबीच्या कोशिंबिरीशी खेळत कोपऱ्यात बसायचा.

"ऐंशी फुटांवरून?" हार्लनने विचारलं. "कानावर?"

"डाव्या कानावर," वर्लिन म्हणाला.

"बाप रे! चुकून लागली असेल पण."

आता इथे माणसाने "हो, चुकून" म्हणावं की नाही? दोन शब्द. पण समोर पंधरा माणसं तोंडात मासा तसाच धरून बघत होती, आणि वर्लिनने ब्रँडीचे दोन पेले घेतले होते.

"चुकून?" तो म्हणाला. "चुकून कशी लागेल? मी नेम धरला की धरला. मनात म्हटलं, डावा कान. आणि सोडली."

बार दणाणून गेला. कुणीतरी त्याला तिसरा पेला पाजला. मीही तिथेच होतो, आणि त्या आठवड्यात आमच्या गावात कुणी मेलं नव्हतं. हे शेवटचं उगाच लिहिलेलं नाही. निधनवार्ता नसली की माझं चौथं पान रिकामं राहतं. मी तिथल्या तिथे रुमालावर चार ओळी खरडल्या आणि बुधवारी छापल्या: 'टॉलेफसन यांचा अचूक नेम. "डावा कान ठरवला आणि सोडली," असे त्यांनी आमच्या प्रतिनिधीस सांगितले.' आमचा प्रतिनिधी म्हणजे मीच. एकतीस वर्षं संपादक आहे मी, आणि एवढ्या काळात माझ्या छापलेल्या ओळीचा कुणावर काडीचा परिणाम झाल्याचं मला आठवत नव्हतं.

विमा कंपनीच्या चौकशीबाई मिस प्रुइट यांचा फोन सोमवारी आला. आवाज गोड, बोलणं सावकाश. आर्डिस शेजारी उभी राहून ऐकत होती, तिनेच मला मागाहून सगळं सांगितलं.

"मिस्टर टॉलेफसन, हा अपघात होता ना?"

"हो बाई. एकदम अपघात."

"तुमचा नेम मिस्टर ब्रुगमन यांच्यावर नव्हता?"

"मुळीच नाही. कॅनवर होता. दुधाच्या."

"बरं. मग माझ्यासमोर एक कात्रण आहे, ते जरा वाचून दाखवते."

त्यांनी वाचून दाखवलं. आर्डिस म्हणते, तेव्हा वर्लिनचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग 'अचूक नेम' हे शब्द आले तसा हळूच थोडा खुलला. त्याचं त्यालाही कळलं नसेल.

"हे तुम्ही म्हणालात का?"

"म्हणालो, पण ते... ते शुक्रवारी म्हणालो."

दहा दिवसांनी पत्र आलं. पॉलिसीच्या अमुक कलमानुसार विमाधारकाने हेतुपुरस्सर केलेली अथवा होईल हे ठाऊक असूनही केलेली इजा वगळण्यात आली आहे, सबब दावा मान्य करता येत नाही. आपण वेगळं काही सिद्ध करू शकत असाल तर जरूर कळवावं. साध्या भाषेत सांगायचं तर चुकून मारलंस तर आम्ही आहोत, मुद्दाम मारलंस तर तू आणि तुझं घर.

क्लीट त्याच संध्याकाळी आला. हात गळ्यातल्या झोळीत, पायात सपाता आणि चेहरा लालभडक. माझ्या माहितीत तो पहिल्यांदाच चिडला होता.

"नेम धरून मारलास?" तो दारातूनच म्हणाला. "लेका, तुला नावेत बसवलं तर तळ्यात गोवरी पाडता यायची नाही! आणि तू म्हणे माझा कान ठरवलास!"

"ते आपलं बोलण्याच्या भरात—"

"तुझ्या भरापायी माझं ऑपरेशन अडलंय! आता मला तुझ्यावर दावा लावावा लागेल. कळतंय का? आणि त्या दाव्यात माझा वकील उभा राहून काय सांगणार? की हा गृहस्थ निर्दोष आहे, याने मुद्दाम मारलेलं नाही, याला फेकताच येत नाही! माझ्या पैशाने माझा वकील तुझी वकिली करणार! आणि ते सिद्ध झालं नाही, तर तुझं घर जाणार, आणि मग मी शेजारी कुणाला हाक मारू?"

शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून जरा मोठ्यानेच गेलं. आर्डिसने लोणच्याची बरणी पुढे केली. क्लीटने डाव्या हाताने ती घेतली, त्याला झाकण उघडता येईना, वर्लिनने उघडून दिली.

"साक्षी गोळा करू," क्लीट म्हणाला. "गावात कुणीही सांगेल तुला फेकता येत नाही म्हणून."

"कुणीही?" वर्लिनने विचारलं.

क्लीटने लोणच्याची फोड तोंडात टाकली.

रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात, कॉफी आणि केकच्या साक्षीने, आम्ही एकतीस जण जमलो. क्लीटने उभं राहून स्पष्ट सांगितलं, "मंडळी, वर्लिनची फेक कशी आहे ते एका कागदावर लिहून द्या. खरं लिहा. त्याचं घर वाचवायचंय."

अडचण एवढीच होती की वर्लिन पहिल्या रांगेत बसला होता.

"बोला ना, बेव्हर्ली," तो ॲपल-पायच्या टेबलावरच्या बाईला म्हणाला. "मोकळेपणाने बोला."

बेव्हर्ली लाल झाली. "मी काय म्हणते, तुमची फेक... वाईट नाही हो," ती म्हणाली आणि खाली मान घालून लिहायला लागली. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. पेन्सिली कुरकुरत होत्या. कोपऱ्यातल्या पियानोवर कागद ठेवून तुतारीवाला तर चक्क घाम पुसत लिहीत होता. माणूस डोळ्यासमोर बसलेला असताना त्याला टाकाऊ म्हणायचं, हे आमच्या हातून व्हायचं नाही. माझ्याही हातून झालं नाही. मी लिहिलं, 'श्री. टॉलेफसन हे अत्यंत जिद्दी खेळाडू आहेत.' लिहून वर दोनदा वाचलं, आणि वाक्य चांगलं जमलंय असं मला वाटलं.

आठवड्याभरात मिस प्रुइटचा क्लीटला फोन आला.

"मिस्टर ब्रुगमन, एकतीस पत्रं वाचली. त्यांतल्या एकातही ते वाईट फेकतात असं लिहिलेलं नाही."

"असं कसं होईल?"

"पाद्रीबुवा लिहितात, 'त्यांची फेक नेहमी सर्वांचं लक्ष वेधून घेते.' तुतारीवादक लिहितात, 'त्यांच्यामुळे आमच्या बँडला सावध राहण्याची सवय लागली.' आणि बेव्हर्लीबाई लिहितात, 'गेली कित्येक वर्षं त्यांची गोवरी न चुकता आमच्या टेबलापर्यंत पोचते.' न चुकता, मिस्टर ब्रुगमन. दरवर्षी त्याच टेबलावर. याला आमच्याकडे अचूकता म्हणतात."

क्लीटने कपाळाला हात लावला. डावा. मग तो म्हणाला, "बाई, तुम्ही शनिवारी इकडे या. गोवरीफेक आहे. तुमच्या डोळ्यांनी बघा आणि मग काय लिहायचं ते लिहा."

त्यावर बाई म्हणाल्या, "येते. गारपिटीच्या नुकसानीची दोन कामं तिकडे आहेतच माझी."

ही बातमी कळली तेव्हा टॉलेफसन पतीपत्नी किराणा घेऊन गाडीत बसले होते. वर्लिन मात्र खुशीत होता. "एकतीस जण!" तो म्हणत होता. "एकतीस जणांनी चांगलंच लिहिलं गं माझ्याबद्दल. अडचण झाली खरी, पण माणसं बघ."

आर्डिसने गाडी सुरू केली नाही. किल्ली हातात धरून ती तशीच बसून राहिली.

"वर्लिन," ती म्हणाली, "तुला फेकता येत नाही."

"वारा असला की—"

"वाऱ्याचं काही नाही. बावीस वर्षांत एकदाही रेघेच्या आत पडलेली नाही तुझी. लोक टेबलाखाली लपतात. मीसुद्धा लपते. गेली पाच वर्षं मी उशी घेऊन जाते."

मागच्या सीटवर आइस्क्रीम वितळत होतं.

"मग बावीस वर्षं सांगितलं का नाहीस?"

"फेकून झाल्यावर तू असा काही खुलून परत यायचास, की वाटायचं, जाऊ दे. वर्षातून एक दिवस. कुणाचं काय बिघडलं?"

"क्लीटचा खांदा मोडला, आर्डिस."

"हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग त्यानेच तिच्या हातून किल्ली घेतली आणि गाडी सुरू केली. पुढचे चार दिवस क्लीटच्या गॅरेजवरचा फळा दिसू नये म्हणून तो कॉफी जिन्याखाली उभं राहून प्यायला, हे मला आर्डिसनेच सांगितलं. एक मात्र त्याने पक्कं ठरवलं होतं. आपल्या एका फुशारकीने क्लीटचं नुकसान झालं, आता शनिवारी ते भरून काढायचं. गोवरी मुद्दाम बाहेर घालवायची, तीही अशी की बाईंच्या मनात शंका उरू नये.

शनिवारी मैदान गच्च भरलं होतं. चीजचे तळलेले गोळे, मक्याची कणसं, बँड, सगळं जागच्या जागी. क्लीटला फेकता येत नव्हतं म्हणून समितीने त्याला रेघेवरचा पंच केलं होतं. हात झोळीत, डाव्या हातात लाल बावटा. मिस प्रुइट माझ्या शेजारच्या खुर्चीत मांडीवर फाइल घेऊन बसल्या होत्या. बुटक्या, चष्मेवाल्या, साठीच्या. लिंबू सरबताची टपरी आमच्या डाव्या हाताला होती.

"तुम्ही वर्तमानपत्रवाले ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कात्रण तुमचंच."

"चौथं पान रिकामं होतं हो, बाई," मी म्हणालो. यापेक्षा बरं काही सुचलं नाही.

ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, "आता वर्लिन टॉलेफसन." पोरं टेबलाखाली गेली. आर्डिसने उशी छातीशी घेतली. वर्लिनने गोवऱ्यांनी भरलेल्या गाड्यातून ताटाएवढी गोवरी निवडली, बोटं जिभेला लावली आणि डावीकडे, सरबताच्या टपरीकडे रोखून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बाहेर फेकायची होती. सगळा जीव एकवटून त्याने ती टपरीच्या दिशेने सोडली.

आणि ती सरळ गेली.

काय सांगू तुम्हाला! दोन रेघांच्या बरोबर मधोमध, सपाट, गरगरत, कुठेही न डगमगता गेली. क्लीटच्या विक्रमाची खुंटी दोनशे अकरा फुटांवर होती. तिच्यावरून गेली आणि पलीकडे चांगली पंधरा फूट जाऊन पडली. सगळं मैदान उभं राहिलं. तुतारीवाल्याची तुतारी तोंडाला तशीच चिकटून राहिली. वर्लिन हात हवेत तसाच ठेवून आ वासून बघत होता. बावीस वर्षं ज्या फेकीसाठी जीव टाकला, ती आज नको असताना आली होती.

मिस प्रुइटनी टोपण काढलेलं पेन कागदाला टेकवलं. घर गेलं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात क्लीटने लाल बावटा वर केला.

"बाहेर!" तो ओरडला. "दोन फूट बाहेर! बाद!"

गोवरी मधोमध पडलेली सगळ्यांना दिसत होती, आंधळ्यालाही दिसली असती. पण हेरॉन मिल्समध्ये पंचाला तोंडावर खोटं कुणी म्हणत नाही.

"बाहेर होती?" मिस प्रुइटनी मला विचारलं.

"पंच बाहेर म्हणताहेत," मी म्हणालो.

त्या उठल्या आणि सरळ वर्लिनकडे चालू लागल्या. मी मागोमाग गेलो, बातमीदार ना मी! "मिस्टर टॉलेफसन," त्या म्हणाल्या, "गोवरी कुठे पडली ते मला दिसलं. माझा प्रश्न वेगळा आहे. तुमचा नेम कुठे होता?"

वर्लिनने त्या गोवरीकडे पाहिलं. नुसतं "समोर" म्हटलं असतं, तर बावीस वर्षांचं सोनं झालं असतं. गावाने त्याला डोक्यावर घेऊन नाचवलं असतं. त्याने क्लीटच्या झोळीतल्या हाताकडे पाहिलं आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सरबताच्या टपरीवर, बाई. तुम्हाला दाखवायला म्हणून मी मुद्दाम बाहेर फेकणार होतो. बाहेर म्हटली तर सरळ गेली. तेव्हा कॅनवर म्हटली, तर क्लीटवर गेली. मला फेकता येत नाही. कधीच येत नव्हतं. बारमध्ये सांगितलं ते सगळं खोटं."

मिस प्रुइटनी टपरीकडे पाहिलं, गोवरीकडे पाहिलं, मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं.

"हेच मला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि लिहीत लिहीत वाचलं, "'विमाधारक जिथे नेम धरतात तिथे पडत नाही, हे प्रत्यक्ष पाहिले. सबब अपघात.' मिस्टर ब्रुगमन, ऑपरेशनची तारीख घ्या."

टाळ्या पडल्या. आर्डिसने उशी हवेत फेकली. वर्लिनचे डोळे भरून आले, त्याने ते बाहीने पुसले, आणि मग एकदम त्याच्या काहीतरी ध्यानात आलं.

"क्लीट!" तो ओरडला. "मिटलं ना आता? मग कर तो बावटा खाली! दोनशे सव्वीस फूट आहे ती!"

क्लीटने बावट्याकडे पाहिलं, मग आपल्या विक्रमाच्या खुंटीकडे पाहिलं. "पंचाचा निर्णय आहे, वर्लिन," तो म्हणाला. "एकदा दिला की दिला."

"अरे, माझं घर वाचवायला वर केलास ना तू?"

"त्यासाठीच तर केला."

"मग आता काय? मुद्दाम करतोयस तू हे! मुद्दाम!"

"मुद्दाम कसं?" क्लीट शांतपणे म्हणाला. "उजवा हात तू मोडलास. डाव्याला बावट्याची सवय नाही. चुकून गेला असेल वर. नसेल पटत तर सिद्ध कर."

वर्लिन वळला, त्याने गाड्यातून दुसरी गोवरी उचलली, बोटं जिभेला लावली. आता तो ज्याच्याकडे बघत होता ते मैदानातल्या दोन हजार माणसांना दिसत होतं. क्लीटच्या आजूबाजूची माणसं पटापट बाजूला झाली. मिस प्रुइटनी फाइल मिटली आणि "मी आता जेवायला गेलेली आहे" असं म्हणून पाठ फिरवली.

फक्त क्लीट जागचा हलला नाही. "धर, धर नेम," तो म्हणाला. "नीट धर. सगळ्या जत्रेत सध्या याच्याइतकी सुरक्षित जागा नाही."

वर्लिनने सोडली.

मी केव्हाच सरकून त्याच्या मागे, उजव्या हाताला, चांगला वीस पावलांवर जाऊन उभा होतो, हातात वही घेऊन. कशी आली ते मला अजून सांगता येत नाही. चष्मा गेला, वही गेली आणि तोंडात गोवरीचा भुगा भरला. मी बसकण मारली तेव्हा सगळं गाव माझ्याभोवती जमलं होतं. वर्लिन धापा टाकत आला आणि गुडघ्यांवर बसला.

"मिलो! लागलं का रे? शप्पथ सांगतो, नेम क्लीटवर होता!"

त्याचा चेहरा मला धूसर दिसत होता. अपराधी होता, एवढं नक्की. पण तोंडाच्या एका कोपऱ्यात जे काय होतं ते अपराधीपणाचं नव्हतं. मला माझ्या चार ओळी आठवल्या, 'अचूक नेम' हे शब्दही आठवले. मुद्दाम होती की अपघात, हे तो आणि त्याचा देव जाणे, सिद्ध कुणाला करता येणार? सगळं गाव मी काय म्हणतो म्हणून वाट बघत होतं.

मी तोंडातला भुगा थुंकला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट नव्हती हं, वर्लिन," मी म्हणालो.